पाकिटाच्या पुढच्या बाजूला ‘आरोग्यदायी’ छापणाऱ्यांना खुले पत्र

सनविवि.

हे पत्र पाकीटबंद खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांमधल्या तिघांसाठी आहे: पदार्थाची कृती ठरवणारे, पाकिटावरचा मजकूर लिहिणारे आणि त्या मजकुरावर शेवटची सही करणारे. आम्ही आहार आणि अन्नप्रक्रिया या क्षेत्रांत काम करतो. पाकीट उलटे करून मागचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचणे आणि त्यावरून हिशेब मांडणे हे आमचे रोजचेच काम.

चॉकलेट, वेफर्स, कोला यांच्याबद्दल आम्हाला इथे काही म्हणायचे नाही. ते खाताना आपण काय खातोय हे माणसाला ठाऊक असते, त्यामुळे तो थोडा तरी हात राखून खातो. आमची तक्रार दुकानातल्या दुसऱ्या फळीबद्दल आहे. मधुमेह असलेल्याने शोधून आणलेली ‘शुगर फ्री’ बिस्किटे, वजन उतरवायचे म्हणून नाश्त्याला सुरू केलेला ग्रॅनोला, बाळासाठी घेतलेला ‘साखर न घातलेला’ फळांचा गर. ज्यांनी तब्येतीची काळजी घ्यायचे मनावर घेतले आणि त्यासाठी जास्तीचे पैसेही मोजले, नेमकी त्यांचीच दिशाभूल होते. याचा आम्हाला मनापासून त्रास होतो.

तुमच्या पाकिटावर सहसा धडधडीत खोटे नसते, हे आम्ही आधीच मान्य करतो. दावा खरा असतो, पण त्या पदार्थात ज्याकडे लक्ष जायला हवे ते सोडून भलत्याच गोष्टीबद्दल असतो. खाद्यतेलावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे ठळक छापतात. वनस्पतींपासून काढलेल्या कोणत्याही तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. तेल घेताना बघायचे ते संपृक्त मेदाचे (सॅच्युरेटेड फॅटचे) प्रमाण. पामतेलात ते निम्म्याच्या आसपास असते आणि खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त. हा आकडा मागे, बारीक अक्षरांत.

साखरेच्या बाबतीत हा प्रकार सर्वांत जास्त चालतो, म्हणून तिथे जरा थांबू.

‘साखर घातलेली नाही’ असे लिहिलेल्या फळांच्या गरात, जॅममध्ये किंवा बारमध्ये घटकांच्या यादीत बहुतेक वेळा ‘सफरचंद रस, संहत’ असे काहीतरी सापडते. ही वस्तू कशी बनते हे कृती ठरवणाऱ्यांना सांगायला नको, पण पत्र खुले आहे म्हणून लिहितो. सफरचंदाच्या रसात विरघळलेले घन पदार्थ ११-१२ टक्के असतात आणि त्यातली बहुतांश साखरच असते. हवेचा दाब कमी करून, कमी तापमानाला त्यातले पाणी उडवतात आणि प्रमाण ७० टक्क्यांवर आणतात. साधारण सहा किलो रसाचा एक किलो पाक होतो. फळातले तंतू आधीच गाळून निघालेले असतात. उरतो तो फ्रुक्टोज, ग्लुकोज आणि सुक्रोज यांचा दाट पाक. शरीराच्या दृष्टीने ही साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनात मध, सर्व प्रकारचे सिरप, फळांचा रस आणि हा संहत रस हे सगळे ‘मुक्त साखर’ या एकाच सदरात मोजले आहे. या सगळ्यांची मिळून मर्यादा रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवल्यास अधिक चांगले. रोज २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात.

आता शंभर टक्के रसाचा एक ग्लास घ्या. २५० मिलिलिटर संत्र्याच्या रसात साधारण २० ते २२ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच चमचे. तंतू नावापुरते. अख्ख्या मध्यम संत्र्यात साखर १२ ग्रॅमच्या आसपास, सोबत तीन ग्रॅम तंतू, आणि ते सोलून चावून खायला वेळ लागतो. दोन-तीन संत्री एका बैठकीत कमीच लोक खातात. तेवढ्यांचा रस मात्र मिनिटात पिऊन होतो आणि पोटही भरत नाही. तुमच्या पाकिटावर अर्ध्या कापलेल्या संत्र्याचे चित्र असते. ते बघून माणूस रसाला फळ समजतो.

ओट्सच्या पेयात ही गोष्ट आणखी लपलेली असते. ओट्स दळून पाण्यात कालवले की खळीसारखा चिकट लगदा होतो. तो पातळ आणि गोडसर व्हावा म्हणून त्यात अमायलेज हे विकर (एन्झाइम) घालतात. ते स्टार्च तोडून त्याची माल्टोज ही साखर करते. म्हणजे बाहेरून चमचाभरही साखर न घालता पेयात साखर तयार झालेली असते. अशा पेयात १०० मिलिलिटरला चार ग्रॅम साखर असेल, तर ग्लासामागे १० ग्रॅम होते. ही प्रक्रिया चुकीची नाही. पण ‘साखर घातलेली नाही’ या शब्दांशेजारी ‘प्रक्रियेत तयार होते’ एवढे तीन शब्द छापायला काय हरकत आहे? बदामाच्या पेयाबद्दल तर आम्ही जास्तच आग्रही आहोत, कारण ते लहान मुलांना दुधाच्या जागी दिले जाते. अशा अनेक पेयांत बदाम दोन-तीन टक्के आणि प्रथिने १०० मिलिलिटरला अर्धा ग्रॅम असतात. गायीच्या दुधात तीन ग्रॅमहून जास्त. वरून कॅल्शियम घातले असले तरी प्रथिनांची ही तूट भरून निघत नाही. डब्यावर ‘मुलांसाठी हा दुधाचा पर्याय नव्हे’ हे मोठ्या अक्षरांत हवे.

यादीतल्या क्रमाबद्दलही बोलायला हवे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, हा नियम आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियसच्या १९८५ च्या लेबल मानकात आहे आणि जवळपास सगळीकडे तोच चालतो. ग्राहकही आता शिकला आहे. पहिल्या तीन घटकांत साखर दिसली की तो पाकीट परत ठेवतो. त्यावर काढलेली युक्ती अशी: साखर थोडी, ग्लुकोज सिरप थोडे, मध थोडा, खजुराचा पाक थोडा. चौघांचे वजन एकत्र केले तर साखर यादीत पहिली येईल. वेगवेगळे लिहिल्याने चौघेही खाली सरकतात आणि वर ओट्स दिसतात. कॅनडाने २०१६ च्या नियमांत यावर सोपा तोडगा काढला. सर्व प्रकारच्या साखरा ‘साखर’ या एका शब्दाखाली कंसात एकत्र लिहायच्या आणि त्या सगळ्यांच्या मिळून वजनावर क्रम ठरवायचा. तुमच्यावर असा नियम लागू असो वा नसो, असे लिहायला तुम्हाला कोणी अडवलेले नाही.

माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च तोडून केलेली भुकटी) तर साखरेच्या रकान्यात येतच नाही. तक्त्यातल्या ‘साखर’ या ओळीत फक्त एक आणि दोन घटकांच्या साखरा मोजतात. माल्टोडेक्स्ट्रिनची साखळी त्याहून लांब, म्हणून ते ‘कर्बोदके’ या मोठ्या सदरात जाते. ग्रॅमला चार किलोकॅलरी तेवढ्याच, आणि रक्तातले ग्लुकोज वाढवण्याचा वेग जवळजवळ ग्लुकोजइतकाच. ‘साखर ० ग्रॅम’ लिहिलेल्या पोषक पावडरीत हेच भराव म्हणून वापरलेले असेल, तर मधुमेही माणसाला तो शून्य थेट अपाय करतो.

‘शुगर फ्री’ बिस्किटांचा दोषही असाच. साखरेने बिस्किटाला गोडी मिळते, तशीच जाडी आणि खुसखुशीतपणाही मिळतो. ती काढली की जागा भरायला काहीतरी लागते. बहुतेक वेळा माल्टिटॉल, म्हणजे ‘शुगर अल्कोहोल’ किंवा गोड अल्कोहोल या गटातला गोडवा आणणारा पदार्थ (नावात अल्कोहोल असले तरी ही दारू नव्हे). त्यात ग्रॅमला २.४ किलोकॅलरी धरतात, साखरेत चार. रक्तातली साखर ते कमी वाढवते, पण वाढवते. मैदा आणि तूप-तेल होते तेवढेच राहते, आणि बिस्किटातली बरीचशी कर्बोदके मैद्यातूनच येतात. ‘शुगर फ्री’ वाचून दोनच्या जागी सहा बिस्किटे खाल्ली की ग्लुकोमीटरवर आकडा चढतो, आणि त्या माणसाला वाटते की आपले औषधच लागू पडत नाही. डोस वाढवण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. शिवाय माल्टिटॉल जास्त पोटात गेले तर गुबारा धरतो, जुलाब होतात. युरोपात अशा गोड अल्कोहोलांचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर तसा इशारा छापणे बंधनकारक आहे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी गोडवा आणणारे पर्याय वापरू नयेत, अशी सशर्त शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली. (मधुमेह आधीपासून असलेल्यांना ती शिफारस लागू नाही आणि माल्टिटॉलसारखी गोड अल्कोहोलेही तिच्यात धरलेली नाहीत. दोन्ही बाजूंनी हे पूर्ण सांगितले जात नाही.)

आता वाढणीचे माप. आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होते.

ग्रॅनोलाच्या मागे ‘एक वाढणी ३० ग्रॅम’ असे लिहिलेले असते. पुढचे ‘फक्त १३५ कॅलरी’ त्याच मापावर काढलेले. एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाडगा ठेवून ३० ग्रॅम ग्रॅनोला घालून बघा. तळ जेमतेम झाकला जातो. मक्याच्या पोह्यांसारखे फ्लेक्स हलके असतात. एक कपभर घेतले तरी वजन ३० ग्रॅमच्या आतच भरते. ग्रॅनोलात ओट्स, सुकामेवा, तेल आणि सिरप यांचे घट्ट गोळे असतात. तोच कप भरला तर १०० ग्रॅमच्या पुढे जातो. माणूस वाडगा डोळ्यांनी भरतो, आणि पूर्वी फ्लेक्स घ्यायचा त्याच उंचीपर्यंत भरतो. समजा ९० ग्रॅम घेतले: ४०५ किलोकॅलरी आणि, ३० ग्रॅमला सहा ग्रॅम साखर धरली तर, १८ ग्रॅम साखर. दूध, दही, वरचे केळे अजून यायचे आहे. वजन कमी करायला निघालेला माणूस रोज सकाळी ठरवल्याच्या तिप्पट खातो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

सिरप काढता का येत नाही, याचे कारणही प्रामाणिकपणे सांगायला हवे. गोळे धरून ठेवण्याचे काम तेच करते. भट्टीत पाक आटतो, थंड झाला की कडक होतो. सिरप निम्मे केले की गोळे सुटतात आणि पाकिटाच्या तळाशी भुगा जमतो. ग्राहक तक्रार करतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकाने काही प्रमाणात बांधणी होते. किंवा गोळ्यांचा हट्ट सोडून सुटी, न भाजलेली म्युसली विका. तिला बांधायला काहीच लागत नाही. कृती ठरवणाऱ्यांनी हा पर्याय विक्रीच्या बैठकीत ठामपणे मांडावा, अशी आमची खास विनंती आहे.

लहान वाढणीचा आणखी एक फायदा घेतला जातो. काही देशांत, उदाहरणार्थ अमेरिकेत, वाढणीमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट (हृदयाला अपायकारक मेद) असेल तर ‘०’ लिहिता येते. वाढणी पुरेशी लहान केली की शून्य आपोआप येतो. ट्रान्स फॅट ज्यातून येते त्या ‘अंशतः हायड्रोजनीकृत तेल’चे नाव घटकांत असेल, तर पुढच्या शून्यावर विसंबू नये. दुसरीकडे याच अमेरिकेने २०१६ मध्ये नियम बदलून, एका बैठकीत संपतील अशा लहान बाटल्या आणि पाकिटे एकच वाढणी धरायला लावली. हे सगळीकडे व्हायला हवे. ज्या बाटलीचे झाकण एकदा उघडले की ती संपते, तिच्यावर ‘अडीच वाढण्या’ छापणे सोडा.

ब्राउन ब्रेडकडे वळतो. मैद्याचा ब्रेड कॅरमेलने तपकिरी होतो. यादीत रंग १५० असा क्रमांक दिसतो. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे एकाहून जास्त धान्ये, एवढाच अर्थ. सात धान्यांपैकी सहा मिळून तीन टक्के असू शकतात. ग्राहकाला एकच चाचणी सांगतो: १०० ग्रॅममधल्या कर्बोदकांना तंतूंनी भागा. उत्तर दहाच्या आत आले तर धान्य बऱ्यापैकी अख्खे आहे. खऱ्या गव्हाच्या पिठाच्या ब्रेडमध्ये ४२ ला सहा-साडेसहा, म्हणजे उत्तर सातच्या आत. मैद्याच्या ब्रेडमध्ये ४९ ला अडीच, उत्तर वीसच्या घरात. चिकोरीच्या मुळातले इन्युलिन हे तंतू वरून टाकून ही चाचणी फसवता येते, म्हणून यादीही वाचावी लागते. युरोपीय संघात पाकिटाच्या नावात किंवा चित्रात ज्या घटकाचा गाजावाजा केला असेल, त्याची टक्केवारी पदार्थाच्या नावाशेजारी किंवा घटकांच्या यादीत द्यावी लागते. ‘ओट्स ८ टक्के’ असे छापावे लागले की पाकिटावरच्या चित्रातले ओट्सचे कणीस आपोआप लहान होते किंवा ओट्स तरी वाढतात. दोन्ही चांगलेच.

फ्लेवर्ड, ‘लो फॅट’ योगर्टमध्ये स्निग्धांश गेला की चव आणि दाटपणा जातो. मग स्टार्च, पेक्टिन किंवा जिलेटिन आणि साखर येते. दुधाची स्वतःची साखर १०० ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आत असते. तक्त्यात १३ दिसले तर आठ वरची. १५० ग्रॅमच्या कपात ती १२ ग्रॅम, चहाचे तीन चमचे. ही वजाबाकी ग्राहकावर का सोडायची? वरून घातलेली साखर वेगळ्या ओळीत द्या.

प्रोटीन बारविषयी थोडे तांत्रिक. तक्त्यातले प्रथिन प्रयोगशाळेत सहसा नायट्रोजन मोजून, त्याला ठरावीक अंकाने गुणून काढतात. त्यामुळे दुधाचे प्रथिन आणि कोलॅजेन (जनावरांच्या कातडी-हाडांतले प्रथिन) दोन्ही सारखेच ‘२० ग्रॅम’ दिसतात. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, त्यामुळे एकटे कोलॅजेन स्नायूंच्या गरजेला पुरे पडत नाही. कोणत्या स्रोतातून किती, हे वेगळे लिहा. जेवण चुकलेल्या, व्यायाम करणाऱ्या माणसाला बार उपयोगी पडतोही. जेवणानंतर खाल्ला तर तो दोन-सव्वादोनशे किलोकॅलरींचा गोड पदार्थ आहे.

ग्लुटेन फ्री: सीलिअ‍ॅक आजार (गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन शरीराला न सोसणे) असलेल्यांना अत्यावश्यक. इतरांसाठी तांदूळ, टॅपिओका आणि बटाट्याचा स्टार्च, तंतू कमी. गुलाबी मीठ: जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच, आणि आयोडीन वेगळे घातले नसेल तर पुरेसे मिळत नाही. ‘हलके’ सूप: सोडियमला अडीचने गुणले की मीठ कळते. वाडग्यात ७०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे पावणेदोन ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम, त्यातले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एका वाडग्यात गेले.

आकडे सुधारले की सगळे सुधारते असेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तुमच्या संशोधन विभागात माहीत असेलच. २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. समोर ठेवलेल्या जेवणातली साखर, मीठ, मेद, तंतू शक्य तितके सारखे ठेवले आणि हवे तेवढे खाण्याची मुभा दिली. अतिप्रक्रिया केलेल्या आठवड्यांत लोक दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होते, आणि भराभर खात होते. त्यामुळे मऊ, न चावता गिळता येणाऱ्या पदार्थात जीवनसत्त्वे आणि तंतू घालून त्यावर ‘आरोग्यदायी’ छापणे आम्हाला पटत नाही.

‘हेल्दी’ हा शब्द सरकारी व्याख्येनेही चुकू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची १९९० च्या दशकातली व्याख्या मेदावर भर देणारी होती आणि तिच्यात साखरेला मर्यादा नव्हती. परिणामी बदामासारखा सुकामेवा किंवा सामन मासा बाद, आणि काही गोड सीरिअल्स पात्र. ती बदलायला डिसेंबर २०२४ उजाडला. चिलीने २०१६ पासून उलटा मार्ग धरला: चांगले काय ते सांगू देण्यापेक्षा, जास्त साखर, मीठ, संपृक्त मेद आणि कॅलरी असलेल्या पाकिटावर पुढेच काळा अष्टकोन छापायला लावला. कंपन्यांनी खरोखर साखर आणि मीठ कमी केले. काहींनी त्या जागी कृत्रिम गोडवा वाढवला, हेही झाले. तुम्ही ती वाट धरू नये.

आमचे मागणे एवढेच आहे. पुढे जो दावा कराल, त्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्या पदार्थातला अडचणीचा आकडा द्या. ‘साखर घातलेली नाही’ शेजारी ‘१०० ग्रॅममध्ये एकूण साखर १४ ग्रॅम’. ‘भरपूर प्रथिने’ शेजारी पूर्ण बारच्या कॅलरी. ‘शुगर फ्री’ शेजारी एका बिस्किटातली एकूण कर्बोदके. वाढणी ठरवण्याआधी वीस-पंचवीस जणांना वाडगा आणि पाकीट द्या, नेहमीसारखे वाढून घ्यायला सांगा, वजन करा आणि मधला आकडा छापा.

छपाईचे सिलिंडर पुन्हा कोरण्याचा खर्च होतो, ही अडचण आम्हाला ठाऊक आहे. म्हणून हातात असलेला साठा संपू द्या. पाकिटाचे डिझाइन कोणत्याही कारणाने बदलायची पुढची वेळ येईल, तेव्हा हा मजकूर त्यात घाला आणि तो कोणत्या महिन्यापासून बाजारात येईल, ते जाहीर करा.

आपले,
आहार आणि अन्नप्रक्रिया क्षेत्रात काम करणारे काही जण